डॉर्सेटचें राखीव माळरान

इंग्लंड देशाचें नांव काढलें म्हणजे आमच्या पिढीच्या मनुष्यापुढें एक ठराविक चित्र उभें राहतें : हिरवीं कुरणें, ओकच्या रांगा, झुडपांच्या कुंपणांनीं आंखलेलीं शेतें, आणि त्यांतून संथ वाहणारी एखादी नदी. जीं क्रमिक पुस्तकें आम्हीं विद्यार्थिदशेंत वाचलीं आणि पुढें तीस-पस्तीस वर्षें मुलांस शिकविलीं, त्यांनींच हें चित्र आमच्या मनावर उमटविलें. परंतु त्याच देशाच्या दक्षिण किनाऱ्यास, डॉर्सेट परगण्यांत, या चित्राशीं मुळींच न जुळणारी अशी एक भूमि आहे. तेथें शेत नाहीं, मोठा वृक्ष अपवादानेंच दिसतो. दूरवर तपकिरी-काळसर झुडपें पसरलेलीं, मध्यें मध्यें उघडी वाळू, सखल जागीं काळी दलदल, आणि वर मोकळें आकाश. टॉमस हार्डी या कादंबरीकाराचा जन्म १८४० सालीं या भूमीच्या कडेलाच झाला, आणि १८७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘दि रिटर्न ऑफ दि नेटिव्ह’ या कादंबरींत त्यानें तिला ‘एग्डन हीथ’ असें नांव दिलें. ज्यांनीं ती कादंबरी वाचली असेल त्यांस ठाऊकच आहे कीं, तींत हा माळच सर्व पात्रांहून मोठें पात्र आहे.

या भूमीचा आज जो अंश शिल्लक आहे, त्यापैकीं पर्बेक नांवाच्या टापूंतील मोठा भाग राष्ट्रीय निसर्गराखीव म्हणून संरक्षित आहे. त्याचीच हकीकत आम्ही येथें देणार आहों. तींत पहिलीच चमत्कारिक वाटणारी गोष्ट ही कीं, या राखीव भूमीचे रक्षक हातांत करवत व कुऱ्हाड घेऊन झाडें तोडीत असतात, आणि त्यासच रक्षण म्हणतात. वाचकांस हें विपरीत वाटेल. आम्हांसहि वाटलें होतें. म्हणून त्याचें कारण जरा विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

‘हीथ’ या शब्दास मराठींत नेमका प्रतिशब्द नाहीं. माळरान म्हणावें तर माळरानावर गवत मुख्य, आणि हीथवर गवत गौण. तेथें राज्य चालतें हेदर नांवाच्या वनस्पतीचें. हें गुडघाभर उंचीचें, काटकुळें, अगदीं बारीक पानांचें झुडूप असून त्याच्या तीन-चार जाती येथें नांदतात. ऑगस्ट महिन्यांत त्यांस फुलांचा बहर आला म्हणजे सबंध माळ जांभळा होतो. जोडीला गोर्स नांवाचें भयंकर काटेरी झुडूप. जुने लोक त्यास फर्झ म्हणत. त्यावर पिवळीं फुलें जवळजवळ बारा महिने थोडींबहुत असतातच. दुसरा जवळचा शब्द नसल्यामुळें आम्ही यापुढें माळ किंवा माळरान असेंच म्हणूं. वाचकांनीं गवताच्या जागीं हीं झुडपें मनांत आणावीं.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगतों. ‘हीथ’ शब्दाशीं ‘हीदन’ या शब्दाचा संबंध कांहीं कोशकार जोडतात. हीदन म्हणजे माळावर राहणारा, अर्थात् ज्याच्यापर्यंत ख्रिस्ती उपदेशक अजून पोंचला नाहीं तो. ही व्युत्पत्ति सर्वांस मान्य नाहीं. तरी ज्या शब्दानें मिशनरी लोक एके काळीं आपणां सर्वांची बोळवण करीत, त्याच्या तळाशीं असलें सुंदर माळरान असावें, याची आम्हांस गंमत वाटली. आपल्या वैद्यकग्रंथांत भूमीचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. पैकीं जांगल म्हणजे कोरडी, उघडी, तुरळक झाडांची, भरपूर ऊन व वारा असलेली, हरिणांची व तित्तिर पक्ष्यांची भूमि. ती आरोग्यकारक मानली आहे, आणि राजानें जांगल देशांत वास्तव्य करावें असें मनुस्मृति सांगते. पुढें याच शब्दाचें ‘जंगल’ झालें, तो इंग्रजींतहि गेला, आणि प्रवासांत त्याचा अर्थ उलटून दाट अरण्य असा होऊन बसला. उघड्या भूमीचें नांव दाट झाडीनें पळविलें. मग त्या उघड्या भूमीस काय म्हणावयाचें? सरकारी दप्तरानें उत्तर दिलें : पडीक. इंग्रजांच्या स्वतःच्या देशांतहि अशा गांवमाळांस ‘वेस्ट’, म्हणजे वाया गेलेली जमीन, हाच शब्द होता. आणि डॉर्सेटच्या माळावर जें संकट ओढवलें त्याची सुरुवात या शब्दापासून आहे.

हा माळ निसर्गानें आपण होऊन केलेला नाहीं, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. सुमारें साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीं, ज्यास कांस्ययुग म्हणतात त्या काळीं, येथें ओक, बर्च, हेझल इत्यादि झाडांचें रान होतें. त्या काळच्या लोकांनीं शेतीसाठीं तें तोडलें. त्यांनीं रचलेलीं मातीचीं गोल थडगीं आजहि माळावर ठिकठिकाणीं उभीं आहेत, आणि त्यांच्या पोटांतील मातींत सांपडणाऱ्या परागकणांवरून पूर्वीच्या झाडांचा माग लागतो. जमीन मुळांत वाळूची. झाडें गेल्यावर पावसाच्या पाण्यानें तिचा सर्व कस धुऊन खालीं नेला. लोहाचा अंश खालीं बसून त्याचा टणक थर बनला, आणि वर राखेच्या रंगाची आंबट, निःसत्त्व वाळू उरली. असल्या मातींत गहूं येत नाहीं. हेदर मात्र सुखानें वाढतें.

परंतु जमीन निकस झाली एवढ्यानें माळ टिकला नसता. बर्च व पाईन यांचें बीं वाऱ्याबरोबर येतें, त्यांस निकस जमीन चालते, आणि मोकळें सोडलें तर थोड्याच वर्षांत तेथें पुनः झाडी माजते. ती माजूं दिली नाहीं कोणी? तर आसपासच्या खेड्यांतील गरीब लोकांनीं. त्यांस या माळावर वहिवाटीचे हक्क होते. ते गोर्स तोडून नेत, कारण तें तडतडून जळतें व भट्टीस फार चांगलें. माळाची वरची मुळांसकट माती विटांसारखी कापून, वाळवून ते चुलींत जाळीत. हेदरचे झाडू होत, छपरें शाकारलीं जात. नेचा गुरांच्या खालीं अंथरण्यास नेत. आणि गुरें व तट्टें माळावर चरत. हार्डीच्या कादंबरीचा नायक क्लिम पॅरिसमधील व्यवसाय सोडून परत येतो, डोळे अधू होतात, आणि शेवटीं तो माळावर गोर्स तोडणाऱ्याचें काम पत्करतो. त्याच्या मानी बायकोस यांत मोठी मानहानि वाटते. आज पाहतां, त्या माळाची खरी चाकरी तोच करीत होता. गरिबाची चूल पेटावी म्हणून शतकानुशतकें जो कोयता चालला, त्यानेंच नकळत शेंकडों जातींच्या प्राण्यांस राहण्याची जागा मोकळी राखली.

हे प्राणी कोण, तें आतां पाहूं.

ब्रिटनमध्यें मूळचे सरपटणारे प्राणी अवघे सहा जातींचे. तीन साप, दोन पालीसरड्यांच्या जाती, आणि एक पाय नसलेली, सापासारखी दिसणारी ‘स्लो वर्म’. आपल्या कोंकणांतील एका वाडींत याहून अधिक जाती निघतील! परंतु त्या सहाहि जाती एकाच ठिकाणीं सांपडाव्या, अशीं स्थळें त्या देशांत फार थोडीं, आणि पर्बेकचा माळ त्यांपैकीं एक होय. त्यांतील दोन जाती, सँड लिझर्ड म्हणजे वाळूंतला सरडा आणि स्मूथ स्नेक म्हणजे गुळगुळीत साप, या तेथें इतक्या दुर्मिळ आहेत कीं, १९८१ च्या वन्यजीव कायद्यान्वयें परवान्यावांचून त्यांस हात लावणें हासुद्धां गुन्हा ठरतो. वाळूंतल्या सरड्याचा नर वसंत ऋतूंत दोन्ही कुशींस झगझगीत हिरवा होतो. मादी जूनच्या सुमारास उघड्या वाळूंत भोंक पाडून अंडीं घालते व निघून जाते. तीं उबवावयाचें काम सूर्य करतो. इंग्लंडचा सूर्य तो. त्याचा भरवसा किती, हें तिकडे राहून आलेल्यांस सांगावयास नको. म्हणून वाळू उघडी पाहिजे, तिच्यावर सावली पडतां कामा नये, आणि जवळच लपावयास जुनें दाट हेदर पाहिजे. दोन्ही गोष्टी हातभर अंतरावर असतील तरच या सरड्याचा संसार चालतो. पाईनचें एक झाड दक्षिणेस उंच वाढलें कीं त्या अंड्यांवर सावली आलीच. आतां झाड तोडण्याचें एक कारण वाचकांच्या ध्यानीं आलें असेल.

गुळगुळीत साप बिनविषारी आहे. तो बहुधा इतर सरपटणाऱ्या प्राण्यांवर व लहान उंदरांवर निर्वाह करतो, आणि मादीस अंडीं न होतां पिलेंच होतात. विषारी म्हणावा असा त्या देशांत एकच साप, अ‍ॅडर. तो आपल्या घोणस-फुरशांच्या कुळांतला. पाठीवर नागमोडी काळी रेघ असते. तो मनुष्यास पाहून आपणच निघून जातो, असें तेथील माहितगार सांगतात. आम्हीं त्याची परीक्षा घेतली नाहीं.

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त त्या प्रांतीं राहतात. त्यांच्याकडे आम्ही उभयतां कांहीं महिने गेलों होतों. जून महिन्यांत एका सायंकाळीं, चिरंजीव, सूनबाई व आठ वर्षांची नात यांच्यासह आम्ही आर्न येथील माळावर गेलों. सायंकाळ म्हटलें तरी घड्याळांत साडेनऊ वाजत आले होते. त्या दिवसांत तेथें सूर्य सव्वानवाच्या पुढें मावळतो. अंधारूं लागलें आणि दूरवरून एक सलग घरघर ऐकूं येऊं लागली. चरखा फिरावा तशी, मिनिटें झालीं तरी न थांबणारी, मध्येंच पट्टी किंचित् बदलणारी. नात म्हणाली, “आजोबा, कोणाचा तरी मिक्सर चालू राहिला आहे.” तो रातवा होता. रातवा आपल्याकडेहि आहे, आणि त्याची ‘चक्-चक्’ खेड्यांतील लोकांस परिचित आहे. हा त्याचाच युरोपीय भाऊबंद. हिंवाळा तो सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस आफ्रिकेंत घालवितो आणि मे महिन्यांत परत येतो. घरटें म्हणून बांधतच नाहीं. उघड्या जमिनीवर दोन अंडीं, आणि त्यांवर वाळक्या पाचोळ्याच्या रंगाची मादी अशी स्तब्ध बसलेली कीं पायाखालीं येईपर्यंत दिसावयाची नाहीं. हा पक्षी रात्रीं शेळ्यांचें दूध पितो अशी जुन्या युरोपांत समजूत होती; त्याच्या लॅटिन नांवाचा अर्थच ‘शेळी दोहणारा’. वस्तुतः तो पतंग खातो, आणि पतंग शेळ्यांच्या कळपाभोंवतीं फार असतात.

दलदलीच्या जागीं आणखी एक ओळखीचें तोंड भेटलें : कीटक खाणारी सनड्यू ही वनस्पति. आपल्या सातारच्या कास पठारावर तिच्या जातभाई आहेत व त्यांस दवबिंदू म्हणतात. जमीन निकस, म्हणून पोषण आकाशांतून उडत येणाऱ्या माशांपासून मिळवावयाचें, हा तिचा मार्ग दोन्हीकडे एकच.

या निकस भूमींत किती जणांचे संसार एकमेकांवर अवलंबून आहेत, याचें उत्तम उदाहरण म्हणजे ‘सिल्व्हर-स्टडेड ब्लू’ हें निळें फुलपांखरूं. रुपयापेक्षां फार मोठें नाहीं. त्याची अळी हेदर व गोर्स यांचे कोंवळे कोंब खाते. तिच्या अंगांतून एक गोड रस पाझरतो, त्याच्या लोभानें काळ्या मुंग्या तिला घेरून असतात आणि शत्रूंपासून तिचें रक्षण करतात. पुढें ती कोश करते तोहि बहुधा मुंग्यांच्या वारुळांत किंवा त्याच्या लगत. म्हणजे या फुलपांखरास माळ पाहिजे, माळावर कोंवळें हेदर पाहिजे, आणि कोंवळ्या हेदरपाशीं त्याच मुंग्या पाहिजेत. फिरून पाहील तर तेंहि नाहीं. बहुतेक फुलपांखरें जन्मस्थानापासून थोड्याशा अंतरांतच आयुष्य काढतात. माळाचा एक तुकडा दुसऱ्यापासून रस्त्यानें वा वस्तीनें तुटला कीं तें पलीकडे जाऊन पुनः वसाहत करीलच असें नाहीं.

आणि माळाचे तर तुकडेच झाले. १८४७ सालीं वेअरहॅमपर्यंत आगगाडी आली, कोळसा स्वस्त झाला, आणि माळाची माती जाळण्याची कोणास गरज उरली नाहीं. १८१० सालीं ज्या उजाड माळावर समुद्राकांठीं पहिलें मोठें घर उठलें, तेथें आज बोर्नमथ हें भलें मोठें शहर आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ सालीं, वनखातें स्थापन झालें. त्यानें या ‘वाया गेलेल्या’ जमिनीवर पाईनचीं झाडें हारीनें लावलीं. खतांची विद्या वाढली तशी शेतीहि आंत सरकली. विनफ्रिथच्या माळावर १९५० नंतरच्या दशकांत अणुशक्तीचें केंद्र उभें राहिलें. बोव्हिंग्टन येथें पहिल्या महायुद्धापासून लष्कराचे रणगाडे माळ तुडवीत आले आहेत. आणि विलक्षण हें कीं, लष्कराच्या ताब्यांतील माळ इतरांपेक्षां चांगला टिकला, कारण तेथें घरें व शेतें झालीं नाहींत. तोफगोळे पत्करले, बंगले नकोत, असें त्या सरड्यांस विचारल्यास त्यांनीं सांगितलें असतें.

नॉर्मन मूर नांवाच्या शास्त्रज्ञानें हे सर्व बदल जुन्या-नव्या नकाशांवरून मोजून १९६२ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. १८११ च्या नकाशांत डॉर्सेटचा माळ सुमारें ३०,००० हेक्टर होता. १९३४ मध्यें तो १८,००० च्या आसपास आला. १९६० मध्यें १०,००० उरला. क्षेत्र घटलें इतकेंच नव्हे, तर पूर्वीं जो नद्यांच्या खोऱ्यांनीं विभागलेल्या थोड्या मोठ्या खंडांत होता, त्याचे शंभराहून अधिक तुकडे झाले. आज ही गोष्ट सर्वतोमुखीं आहे. परंतु किती भूमि उरली याबरोबरच ती किती तुकड्यांत उरली हेंहि मोजलें पाहिजे, हें इतक्या स्पष्टपणें दाखविणाऱ्या आरंभींच्या निबंधांत याची गणना होते. १९७८ मध्यें पुनः मोजणी झाली तेव्हां ६,००० हेक्टरसुद्धां भरले नाहींत.

आंकड्यांनीं जें सरकारास पटलें नाहीं तें एका पांखरानें पटविलें. डार्टफर्ड वॉर्बलर हें आपल्या वटवट्याची आठवण करून देणारें, लांब उभ्या शेपटीचें, तांबूस छातीचें चिमुकलें पांखरूं. केंट परगण्यांतील डार्टफर्ड गांवावरून नांव पडलें. त्याचे बहुतेक नातलग हिंवाळ्यांत उबदार देशीं जातात. हें मात्र तेथेंच राहतें आणि गोर्सच्या दाट काट्यांत कोळी व किडे टिपून थंडी काढतें. १९६२-६३ चा हिंवाळा भयंकर गेला. आठवड्यांमागून आठवडे बर्फ वितळलें नाहीं. तो संपल्यावर शोध घेतां सबंध ब्रिटनमध्यें या पक्ष्याचीं अवघीं दहा-अकरा जोडपीं उरलेलीं आढळलीं. मोठे माळ असते तर थंडीनें मेलेल्यांची भरपाई पुढील वर्षांत झाली असती. तुकड्या-तुकड्यांवर ती होणें कठीण. हार्टलंड मूर हा माळाचा भाग १९५४ सालींच राष्ट्रीय राखीव झाला होता. आतां त्या दशकांत पक्षिसंरक्षक संस्थेनें आर्नचा माळ हातीं घेतला, आणि पुढें एकेक तुकडा संरक्षणाखालीं येत गेला. २००६ मधील गणनेंत या पक्ष्याचीं ३,२०० हून अधिक जोडपीं भरलीं. त्यानंतर २००९ ते २०११ या काळांत दोन कडक हिंवाळे आले व संख्या पुनः घसरली; पण या वेळीं बीज नष्ट होण्याची भीति नव्हती.

संरक्षण म्हणजे कुंपण घालून स्वस्थ बसणें, अशी आरंभीं पुष्कळांची कल्पना होती. ती फसली. माणसाचा कोयता थांबला होता, गुरें गेलीं होतीं. कुंपणाच्या आंत बर्च व पाईन निर्वेध वाढले. तेव्हां रक्षकांनींच कोयता हातीं घेतला. हिंवाळ्यांत स्वयंसेवकांच्या टोळ्या जाऊन पाईनचीं रोपें उपटतात, मोठीं झाडें पाडतात, गोर्स पाळीपाळीनें तोडतात म्हणजे पुनः दाट फुटतें, आणि कोठें कोठें वरची माती खरवडून वाळू उघडी करतात. हें काम लोकांच्या गळीं उतरविणें मात्र सोपें नसतें. झाड लावणें पुण्य आणि तोडणें पाप, हें तिकडच्या मुलांसहि शाळेंतूनच शिकवितात. दक्षिण इंग्लंडांत कित्येक माळांवर वृक्षतोडीविरुद्ध गांवकऱ्यांनीं ओरड केली आहे. त्यांच्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाहीं. पण जेथें झाडच घुसखोर, तेथें त्याची बाजू घेणें म्हणजे सरड्याची, रातव्याची व निळ्या फुलपांखराची बाजू सोडणें होय.

आपल्याकडेहि हाच प्रसंग आहे. सोलापूर-नगरच्या माळांवर माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं ८,४९६ चौरस किलोमीटरचें अभयारण्य जाहीर झालें. पुढें त्याचें क्षेत्र पुष्कळच कमी करण्यांत आलें. माळढोकास उघडें गवत लागतें, आणि आम्ही पडीक जमीन दिसली कीं तेथें झाडें लावण्याचा समारंभ करतों, छायाचित्र काढतों, व घरीं जातों. महाराष्ट्रांत आज माळढोक दिसणें हें नवल झालें आहे. त्याचीं कारणें अनेक आहेत; त्यांत हेंहि एक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

माळाच्या रक्षणासाठीं तेथील माणसांस किंमतहि द्यावी लागते, हें चिरंजीवांच्या घरीं आम्हांस कळलें. डॉर्सेटमध्यें संरक्षित माळापासून ४०० मीटरच्या आंत नवीन राहतीं घरें बांधूं देत नाहींत. कारणें अशीं कीं, घर आलें कीं मांजर येतें आणि तें सरडे व पिलें मारतें. कुत्रें येतें आणि जमिनीवर बसलेल्या रातव्यास उठवितें. मुलें येतात आणि कोठें तरी आग लागते. चिरंजीव भाड्याच्या घरांत राहतात, आणि त्या भागांत घर विकत घेणें मध्यम मिळकतीच्या मनुष्यास किती अवघड आहे याचे आंकडे त्यांनीं जेवतांना आम्हांस ऐकविले. “बाबा, पक्ष्यांस घर आहे, आम्हांस नाहीं,” असें ते म्हणाले. सूनबाईंचें म्हणणें वेगळें पडलें : घरें बांधावयास दुसऱ्या जागा आहेत, त्या रातव्यास नाहींत. आमच्या सौभाग्यवतींनीं सुनेची बाजू घेतली, आणि आम्हीं भात वाढून घेतला. मनांतून आम्हांसहि सूनबाईंचेंच पटलें. तरी चिरंजीवांच्या म्हणण्यांत जें दुःख होतें तें खोटें नव्हतें, आणि जे लोक माळ राखूं पाहतात त्यांनीं ते ऐकून घेतलें पाहिजे.

आगीची गोष्ट मात्र वादाची नाहीं. गोर्समध्यें तेल असतें. तें पेटलें म्हणजे आटोपत नाहीं. १९७६ च्या अवर्षणांत डॉर्सेटचे माळ जागोजाग जळाले. मे २०२० मध्यें वेअरहॅमच्या वनांत व माळावर आग लागून सुमारें २०० हेक्टर भूमि जळाली, आणि ती पूर्ण विझविण्यास दोन आठवडे लागले. त्या जागीं सहलीस आलेल्यांनीं टाकलेल्या, एकदां वापरून फेंकावयाच्या शेगड्या सांपडल्या. रातवा उडून जातो; सरडा व साप यांस पळावयास जागा नसते.

२०२० सालींच एक चांगली गोष्टहि घडली. हार्टलंड मूर, स्टोबरो आणि स्टडलंड-गॉडलिंग्स्टन हे पूर्वींचे तीन राखीव भाग व त्यांच्या लगतच्या जमिनी एकत्र करून ३,३३१ हेक्टरचें एक अखंड राष्ट्रीय राखीव क्षेत्र करण्यांत आलें. यांत सरकारी खातीं, संस्था व खाजगी जमीनमालक मिळून सात भागीदार आहेत. आपल्याकडे दोन भाऊबंदांचें बांधावरून जमत नाहीं. तेथें सातांनीं मधलीं कुंपणें काढावयाचें ठरविलें, हें आम्हांस विशेष वाटलें. आतां या विस्तीर्ण भूमींत तांबड्या रंगाचीं डेव्हन गुरें, एक्समूरचीं तट्टें आणि मंगलित्सा जातीचीं केंसाळ डुकरें मोकळीं सोडलीं आहेत. गुरें व तट्टें कोंवळे कोंब खाऊन झाडी दाबतात. डुकरें नाकानें माती उकरून वाळू उघडी करतात, आणि तेथें सरड्याच्या मादीस व मातींत घर करणाऱ्या गांधीलमाशांस आयती जागा होते. जें काम एके काळीं गरिबांचीं गुरें करीत, तेंच पुनः सुरू झालें आहे. मध्यंतरीं आलेला एक पाहुणा मात्र थोडा जड झाला आहे : सिका जातीचे हरिण. १८९६ च्या सुमारास हौस म्हणून ते बंदरांतील ब्राउनसी बेटावर आणले, आणि आणल्या आणल्या त्यांतील कांहीं पोहून या कांठास लागले. आज आर्नला ते कळपांनीं दिसतात.

शेवटीं या माळावरच्या एका लहान रहिवाशाविषयीं. ‘लेडीबर्ड स्पायडर’ हा कोळी मखमली काळा. परंतु नर वयांत आला म्हणजे त्याची पाठ लाल होऊन तीवर चार काळे ठिपके उमटतात, थेट लेडीबर्ड किड्यासारखे. मादी जमिनींत रेशमाचें अस्तर लावलेल्या बिळांत सारें आयुष्य काढते, आणि पिलें झाल्यावर त्यांस स्वतःचें शरीरच खाऊं घालून मरते. हा कोळी ब्रिटनमधून नाहींसा झाला असें सुमारें सत्तर वर्षें समजत होते. १९८० च्या सुमारास तो डॉर्सेटच्या एका माळावर पुनः सांपडला. १९९४ सालीं मोजले तेव्हां त्या एकाच जागीं छप्पन्न कोळी होते. मग त्या जागेभोंवतालची झाडी काढली, ऊन आंत येऊं दिलें, कोळी वाढले, आणि ते दुसऱ्या माळांवर नेऊन सोडण्याचें ठरलें. पण बिळांत राहणारा प्राणी न्यावयाचा कसा? रिकाम्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या उपयोगी पडल्या. त्यांत शेवाळ व हेदर भरून ठेविलें कीं कोळ्यास बीळ करावयास हवी तशी जागा होते. अशा बाटल्यांतून २०११ सालीं आर्नच्या माळावर तीस कोळी नेऊन, बाटल्या जमिनींत पुरून, तोंडें उघडीं ठेविलीं.